वाफेला राख नसते

टॅक्सीवाल्याने ते वाक्य मागे वळूनही न बघता फेकलं, आणि झिबुयिलेला वाटलं की कुणीतरी भर गर्दीत तिचाच मोजा काढून तिच्याच तोंडावर मारला. झालं होतं इतकंच. पाइनटाऊनहून क्लेरमाँटला जाणारी पंधरा माणसांची टॅक्सी, त्यात अठरा माणसं, तिच्या शेजारी बँकेच्या गणवेशातली एक बाई. बाईच्या मुठीत गुलाबी रंगाचं, लिपस्टिकएवढं वेप. तिने एक झुरका घेतला, आंब्याच्या वासाचा पांढरा ढग सोडला, ढग सावकाश पुढे सरकला आणि पुढच्या बाकावरच्या आजींनी ब्लाऊजची कॉलर ओढून नाकावर धरली. "अगं बाई, खिडकी तरी उघड. धूर घशात जातोय माझ्या." त्यावर टॅक्सीवाला, एक हात स्टिअरिंगवर आणि एक हात सुट्ट्या पैशांत: "आजी, धूर कसला? वाफ आहे ती. वाफेला राख नसते! आमच्याकडे हॉलमध्ये ठरलंय तसं. मखोबांच्या पोरीने ठरवलंय." टॅक्सी हसली. आजी म्हणाल्या, "कोण ही मखोबांची पोरगी? आता खोकण्याआधी तिला विचारून येऊ का?" टॅक्सी आणखी हसली. मखोबांची पोरगी आजींच्या बरोब्बर मागे बसली होती, शाळेचा बिल्ला छातीवर लावून. वादविवादाचा बिल्ला, तोही सोनेरी. तिने दप्तर उचलून छातीशी धरलं, बिल्ला झाकला जाईल अशा बेताने, आणि पुढचे चार थांबे ती नुसती ती कॉलर बघत राहिली. नाकावर धरलेली, फिक्या निळ्या कापडाची, दोन बोटांच्या चिमटीत. कारण बाबा टाय अगदी तस्साच धरतात. धरायचे. हॉलमध्ये, उभ्या रांगेत, गाणं थांबलं की. आणि तिला वाटायचं, बाबा घाम पुसतायत.

वाक्य तिचंच होतं, यात काही वादच नाही. मार्चमध्ये, रात्रीच्या जेवणानंतर ताटं विसळताना तिला ते सुचलं होतं, आणि हातातला साबण तसाच ठेवून ती वहीकडे पळाली होती. दोन वर्षांपूर्वी जी मुलगी हजेरीला 'प्रेझेंट' म्हणतानाही बाकाशी बोलायची, तिला नायकर मिसनी एक दिवस धरून उभं केलं, "तुझ्या आत एक लाऊडस्पीकर आहे आणि तू त्याच्यावर बसून राहिली आहेस" असं म्हणाल्या, आणि खरंच, उठली तर होता. काय मजा होती ती! वाक्य तोंडातून बाहेर पडतं आणि समोरची तीस माणसं एकदम एका बाजूला कलतात, वळणावरच्या बससारखी. विषय होता: बंद जागेतली धूम्रपानबंदी ई-सिगारेटलाही लागू करावी का. नाणं उडवलं, तिच्या वाट्याला 'करू नये' आलं. 'करावी' आलं असतं तर तिने 'करावी' म्हणून जिंकलं असतं. मिस नायकरांचा नियमच होता, दोन्ही बाजूंची तयारी करायची, वहीच्या डाव्या पानावर आपलं आणि उजव्या पानावर त्यांचं. उजव्या पानावर तिने सगळं लिहिलं होतं. वाफेत नुसतं पाणी नसतं. निकोटीन असतं, डोळ्यांना न दिसणारे बारीक कण असतात, ज्यांची फुप्फुसं आधीच खराब आहेत त्यांना बंद खोलीत त्रास होऊ शकतो. 'ज्यांची फुप्फुसं आधीच खराब आहेत' याखाली तिने पट्टी ठेवून लाल रेघसुद्धा मारली होती, कारण समोरची टीम तिथेच बोट ठेवणार आणि उत्तर तयार हवं. स्वतःच्या हाताने, सुबक अक्षरात. आणि भिंतीच्या पलीकडे, तीन फुटांवर, बाबा खोकत होते. आता टॅक्सीत बसून ती स्वतःला विचारत होती की त्या दोन गोष्टी, ती रेघ आणि तो खोकला, एकाच डोक्यात इतक्या वेगवेगळ्या खोल्यांत कशा राहिल्या असतील. कुणी दारच कसं ठोठावलं नाही.

बाबा एकोणीस वर्षं सोन्याच्या खाणीत होते, लांब वेल्कम गावी. वर्षातून एकदा घरी यायचे, डिसेंबरात, आणि तिला लहानपणी वाटायचं की बाबा म्हणजे एक सण आहे. मग एकदा आले ते परत गेलेच नाहीत. छातीचा फोटो होता त्यांच्याबरोबर, मोठ्या खाकी पाकिटात. तो कुणाला दाखवायचे नाहीत, पण फेकलाही नाही. खाणीतल्या धुळीबद्दल ते एकदाच बोलले होते, तेही हसत. म्हणाले, "अगं, ती दिसायची नाही. टोपीवरच्या दिव्यात चमकायची, तेवढीच. छान दिसायची. आमचा मुकादम दगडावर पाणी मारायला लावायचा आणि म्हणायचा, घ्या रे घ्या श्वास, ही धूळ नव्हे, वाफ आहे." घरातले सगळे हसले होते, कारण बाबा मुकादमाची नक्कल फार छान करायचे, पोट पुढे काढून. तीही हसली होती. 'वाफ आहे' हे शब्द तिने तेव्हा ऐकले, सात-आठ वर्षांची असताना, आणि मग ते कुठे गेले? ताटं विसळताना जे सुचलं ते सुचलं की आठवलं? या विचाराशी ती टॅक्सीतून उतरली, आणि उतरल्यावर लक्षात आलं की एक थांबा पुढे आलोय.

बाबांकडे आता जो काही श्वास उरला होता त्यात जिना चढता यायचा नाही, पाण्याची बादली उचलता यायची नाही, एक लांब वाक्य एका दमात संपवता यायचं नाही. पण गाता यायचं. ही गंमत बाहेरच्या कुणाला खरी वाटत नाही. त्यांच्या गायनगटात, पाकोळी ब्रदर्समध्ये, बावीस माणसं, त्यातली बारा खर्जातली, आणि खर्ज ही काही एकट्याची गोष्ट नसते. ती एक लांबच्या लांब सतरंजी असते, बारा जणांनी कडेने धरलेली. एकाने श्वास घ्यायला हात सोडला तरी अकरा जण धरून असतात, तो परत धरतो, मग शेजारचा सोडतो. ऐकणाऱ्याला कुठेही भोक दिसत नाही. बाबा इतरांपेक्षा तिप्पट वेळा सोडायचे आणि कुणी कधी काही म्हणालं नाही. डावीकडून तिसरे. पांढरे हातमोजे, आरशासारखे बूट, आणि पाऊल असं ठेवायचं की जमिनीला कळता कामा नये. दर शनिवारी दुपारी दोन ते पाच हॉलमध्ये तालीम. आठवड्यातले तेवढे तीन तास बाबा आजारी नसायचे. बाकीच्या वेळी ते शनिवारची वाट बघायचे, आणि वाट बघणारा माणूस तसा पूर्ण आजारी नसतोच.

तालमीला खिडक्या बंद. ही पाकोळी ब्रदर्सची नव्हे, सगळ्याच गटांची रीत. नवं गाणं आणि नव्या पायचाली स्पर्धेआधी पलीकडच्या गटाने चोरल्या तर वर्षाची मेहनत पाण्यात. म्हणून खिडक्या बंद, त्यांच्यावर जुन्या चादरी, दाराच्या फटीत गोणपाट. उन्हाळ्यात आत भट्टी व्हायची, पण चालेल, गाणं बाहेर जाता कामा नये. या अशा बंद डब्यात न्कानयिसो वेप ओढताना सापडला. न्कानयिसो वरच्या पट्टीत गाणारा, पंचविशीचा, देखणा, आणि आपण देखणे आहोत हे जरा जास्तच माहीत असलेला. गटाच्या वहीत सातवा नियम असा की हॉलमध्ये सिगारेट ओढणाऱ्याने सगळ्यांचे बूट पॉलिश करायचे. बावीस जोड. न्कानयिसो म्हणाला, ही सिगारेट नाही. म्हातारे म्हणाले, तोंडातून पांढरं निघतंय ना. तो म्हणाला, "मग हिवाळ्यात सकाळी तुम्हीपण दंड भरा की, काका, तुमच्याही तोंडातून निघतं." असा वाद तीन शनिवार चालला. सरकारचा नवा कायदा येणार येणार म्हणतात, त्यात याचाही समावेश असेल म्हणतात, पण तो पाइनटाऊनच्या उड्डाणपुलासारखा, येतच असतो. शेवटी गटाचे पुढारी शेझीबाबा म्हणाले, शिकलेल्या माणसाला विचारू. आणि रांगेतून डावीकडून तिसरा माणूस, श्वास गोळा करून, म्हणाला, "माझी मुलगी. तिने कप आणलाय. याच विषयात."

बाबांनीच बोलावलं. हेच तिला पुन्हा पुन्हा सोलून बघावंसं वाटत होतं, आणि सोलून आत काहीच सापडत नव्हतं. त्यांनी तिला काय बोलायचं ते सांगितलं नाही. घरून निघताना एवढंच म्हणाले, "तेच बोल. कपवालं." तिने विचारलं नाही, बाबा, तुम्हाला कसं वाटतं. खरं म्हणजे प्रश्न मनात आलाच नाही. तिच्यापुढे बावीस पुरुष कोटात बसले होते, त्यांच्या बायका भिंतीकडेच्या बाकांवर, आणि तिला फक्त ती वळणावरची बस दिसत होती. ती बोलली. सात मिनिटं. निखारा नाही, जाळ नाही, राख नाही. जुन्या माणसांनी जुन्या धुरासाठी केलेला नियम नव्या वाफेला लावणं म्हणजे भुंकण्याबद्दल मांजराला बांधून ठेवणं. हशा. "वाफेला राख नसते, आणि जिथे राख नाही तिथे गुन्हा नाही!" बायकांनी जिभा हलवून अशा किलकाऱ्या मारल्या की खिडकीवरची एक चादर गळून पडली. शेझीबाबा म्हणाले, "मखोबा, ही तुझीच ना? की रस्त्यात सापडली?" बाबा उभे राहिले होते. टाळ्या वाजवत होते, हातमोज्यांमुळे आवाज न होणाऱ्या, आणि रडत होते, आणि मग खोकले, आणि सगळ्यांना वाटलं आनंदाने ठसका लागला.

त्यानंतर काय झालं ते खरं तर सगळं तिच्या डोळ्यांदेखत झालं, फक्त तिने ते वेगवेगळं पाहिलं. एप्रिलमध्ये न्कानयिसोबरोबर आणखी चौघे ओढायला लागले, वाफेला नियम नाही असं ठरल्यावर. मे महिन्यात बाबा तालमीला दाराजवळ बसायला लागले. गोणपाट जरा बाजूला सरकवून. शेझीबाबांनी हळूच सांगितलं म्हणे, मखोबा, फटीतून गाणं गळतंय रे. जूनमध्ये बाबांचा गुडघा दुखायला लागला. पायचाली जमत नाहीत, म्हणाले, बरा झाला की जाईन. तिने त्यांना मलम आणून दिलं. तिने दुकानात जाऊन दोन मलमांच्या मागची बारीक अक्षरं वाचून त्यातलं चांगलं निवडलं, आणि बाबांनी ते शनिवारी दुपारी दोन वाजता, अंगणातल्या खुर्चीवर बसून, पॅन्ट वर करून, गुडघ्याला चोळलं. इमानाने. दोन ते पाच.

आज टॅक्सीतून उतरून ती अंगणात शिरली तेव्हा ते त्याच खुर्चीवर होते. आई डरबनला हॉटेलच्या धुलाईखान्यात, सात वाजता येणार. झिबुयिलेने दप्तर ठेवलं आणि वादविवादात विचारतात तसा, साधा दिसणारा प्रश्न विचारला. "बाबा, कुठला गुडघा दुखतो?" बाबांनी उजव्यावर हात ठेवला. "मलम डाव्याला लावत होतात." बाबांनी हात उचलला, डाव्यावर ठेवला, मग दोन्ही गुडघ्यांवर दोन हात ठेवले आणि लहान मुलासारखे तिच्याकडे बघून हसले. "वकील झालीस... तर लोकांचं... काही खरं नाही." ती म्हणाली, "बाबा, वाफेचा त्रास होतो ना तुम्हाला?" ते म्हणाले, "कसली वाफ?" "हॉलमधली. माझी." "तुझी कशी? न्कानयिसोची." "बाबा." "थोडा होतो," ते म्हणाले. "सगळ्यांनाच होतो थोडा." ती म्हणाली, मग सांगितलं का नाही, मला नाही तर शेझीबाबांना तरी. बाबांनी अंगणातल्या तारेकडे पाहिलं, जिच्यावर त्यांचा गायनाचा कोट वाळत नव्हता. मग तुकड्यातुकड्यांत म्हणाले, "लोक रस्त्यात थांबवतात मला. म्हणतात, ते वाक्य... तुमच्या मुलीचं. दुकानात म्हणतात. टॅक्सीत म्हणतात. मी एकोणीस वर्षं... जमिनीखाली होतो, झिबु. माझं नाव... कुणाला माहीत नव्हतं." आणि तिला कळलं की हे सगळ्यात वाईट आहे. त्रास झाला असं म्हणाले असते तर तिने पाय धरले असते. ओरडले असते तर ती रडली असती. पण हे असं की तिने त्यांच्याकडून एक वस्तू घेतली, शनिवारचं गाणं, आणि त्या जागी दुसरी ठेवली, नाव, आणि ते दुसरीच छातीशी धरून बसलेत, आणि पहिली परत द्यायची तर ही काढून घ्यावी लागणार.

तरी ती शनिवारी गेली. बाबांना बळेच बरोबर नेलं, दर विजेच्या खांबाशी थांबत. उजवं पान घेऊन गेली होती ती, लाल रेघेसकट, पण वही उघडली नाही, कारण हे वहीतून बोलायचं नाही असं तिने ठरवलं होतं. शेझीबाबांनी परवानगी दिली, कौतुकाने, "बोल पोरी, तुला कोण नाही म्हणणार!" आणि ती उभी राहिली. "मार्चमध्ये मी इथे जे बोलले ते चूक होतं," ती म्हणाली. "वाफेत नुसतं पाणी नसतं. तुम्ही खिडक्या बंद करता. ज्यांच्या छातीत आधीच खाण आहे—" आणि तिला ऐकू आलं की हे चांगलं वाक्य आहे. फार चांगलं. सभागृह कललं. तिने पाहिलं की सगळे पुढे झुकलेत, न्कानयिसोसुद्धा, ओठ जरा उघडे ठेवून. तिने अडखळायचा प्रयत्न केला. शब्द हरवायचा, तुटक बोलायचा, जसं खरं बोलणारी माणसं बोलतात. पण जीभ दोन वर्षांत अशी तयार झाली होती की अडखळणंही योग्य जागी पडत होतं. ती म्हणाली, माझे बाबा जूनपासून घरी बसलेत, गुडघ्यामुळे नाही, माझ्यामुळे. आवाज फाटला. खरंच फाटला, तिने फाडला नाही. आणि त्या फाटण्यावर बायकांच्या बाकावरून पहिली किलकारी उठली.

मग टाळ्या. "बघा, बघा!" शेझीबाबा ओरडले, "दोन्ही बाजू! मार्चमध्ये ही, आज ती! नाणं उलटं पडलं वाटतं शाळेत?" "नाही हो शेझीबाबा, मी खरंच—" "आणि रडू तर बघा! डोळ्यात पाणीसुद्धा!" न्कानयिसो उठून उभा राहिला होता, टाळ्या वाजवत. "ताई, मला तर वाटलं मी खुनीच आहे! आता कुणाला मत देऊ मी?" कुणीतरी म्हणालं, घ्या की मतं. पहिलं भाषण की दुसरं. हात वर करा. ती म्हणत होती, स्पर्धा नाही ही, ऐका ना, बाबांना विचारा, आणि प्रत्येक शब्दावर हशा वाढत होता, कारण हेही किती हुबेहूब. तेव्हा शेझीबाबांनी खरंच विचारलं. "मखोबा, तूच सांग बाबा. पोरगी खरं बोलतेय की खेळतेय?"

सगळे वळले. बाबा दाराजवळच्या खुर्चीत होते. टाय नाकाशी नव्हता, हात मांडीवर होते. ते तिच्याकडे बघत होते आणि तिला दिसलं की त्यांना सगळं माहीत आहे, पहिल्यापासून, मार्चच्या त्या सात मिनिटांपासून, कदाचित तिने ताटं विसळत वाक्य मोठ्याने म्हणून पाहिलं तेव्हापासून. तिने मान हलवली, सांगा, बाबा. नुसतं हो म्हणा. एका अक्षराचा तर श्वास आहे तुमच्याकडे. बाबांनी एकदा खोली पाहिली, पाकोळीसारख्या पांढऱ्या-काळ्या कोटांची रांग, डावीकडून तिसऱ्या जागेवर बसलेला कुणी नवा माणूस, बाकांवरच्या ओल्या डोळ्यांच्या बायका. मुलीने जे केलं ते चूक होतं असं या सगळ्यांसमोर म्हणायचं, म्हणजे रस्त्यात थांबवणारी माणसं पुन्हा थांबवणार नाहीत. निदान त्या वाक्यासाठी नाही. त्यांनी सावकाश हात वर केला. "पहिलं," ते म्हणाले. "पहिलं... ते पहिलंच."

हॉल कोसळला हसून. बावीसातले एकोणीस हात पहिल्याला. न्कानयिसोचा दुसऱ्याला, दिलदारपणे, वेप धरलेल्या हाताने. शेझीबाबांनी सातवा नियम आहे तसा, फक्त सिगारेटपुरता, राहील असं जाहीर केलं आणि चादरी नीट करायला सांगितल्या, कारण नवं गाणं आज पहिल्यांदा पूर्ण गायचं होतं. माणसं रांगेत उभी राहू लागली. खिडक्यांच्या कड्या लागल्या, एकामागून एक. ती मध्यभागी तशीच उभी होती, हातात न उघडलेली वही, आणि वाट बघत होती की आपल्यातून काहीतरी बाहेर पडेल, किंकाळी किंवा नुसती हवा, जे कुणालाही सुंदर वाटणार नाही.

बाबांनी तिला जवळ बोलावलं. ती गेली, वाकली. त्यांच्या श्वासाचा आवाज भिजलेल्या कागदासारखा होता. "आभार," ते म्हणाले. मग थांबले, दोन-तीनदा हवा शोधली. "मान. सभेचे."

झिबुयिले सरळ उभी राहिली, रांगेकडे वळली आणि तिने आभार मानले.